रविवारची भिंत

नोकरी म्युनिकमध्ये, म्हणून वीकेंडला ट्रेनने बर्लिन गाठलं. शनिवार क्रॉइत्सबर्गच्या गर्दीत, कबाब खाण्यात संपला. रविवारी बेर्नाउअर रस्त्यावर गेलो. तेव्हा इथली एका बाजूची घरं पूर्व बर्लिनमध्ये होती आणि त्यांच्या दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत.

१३ ऑगस्ट १९६१, तोही रविवारच. शहर झोपेत असताना पूर्व जर्मनीने सीमेवर काटेरी तारा ओढल्या. पुढे या घरांची दारं विटांनी बुजवली, तेव्हा लोकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. रस्ता ओलांडून पलीकडच्या नातेवाइकांकडे जाणं एका रात्रीत गुन्हा ठरलं. भिंत उघडली थेट ९ नोव्हेंबर १९८९ला.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. “घरी कधी येतोयस रे?”

“डिसेंबरमध्ये,” मी सहज म्हणालो. मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि तिथेच उभं राहून तिकीट काढलं.