चिडका बिब्बा

लवकर चिडणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही, पण ते सगळे सगळ्यांना लागू पडत नाहीत. घरातला कर्ता पुरुष चिडला तर तो तापट, साहेब चिडले तर ते कडक, आणि आजोबांचा पारा चढला तर ते जमदग्नी नाहीतर दुर्वास. या शब्दांत तक्रार असली तरी धाकही असतो. जमदग्नींच्या रागाने रेणुकेचा शिरच्छेद झाला, दुर्वासांच्या शापाला देवही बिचकत. अशा नावाने ओळखला जाणारा राग गैरसोयीचा असतो, हास्यास्पद नसतो. खेळताना आऊट झालेलं पोर रुसलं की मात्र त्याच्या वाट्याला ऋषी येत नाही. त्याच्या वाट्याला बिब्बा येतो. ‘चिडका बिब्बा’ ही चिडवणी पोरांनी उगाच जोडलेली अक्षरं वाटते. पण बिब्ब्याचा घरगुती इतिहास पाहिला की ती फार नेमक्या निरीक्षणातून आली असावी असं दिसतं, आणि ते निरीक्षण चिडणाऱ्यापेक्षा चिडवणाऱ्याबद्दल जास्त सांगतं.

बिब्बा किंवा बिबवा म्हणजे संस्कृतातला भल्लातक, आंबा आणि काजू यांच्याच कुळातला. त्याच्या कवचात दाट, जहाल तेल असतं. ते कातडीला लागलं की आग होते, फोड येतात. यालाच आपल्याकडे बिब्बा उतणं म्हणतात. अग्निमुख आणि अरुष्कर, म्हणजे व्रण करणारा, ही त्याची जुनी नावं याच अनुभवातून आली. चरकसंहितेने त्याला रसायनात मानाची जागा दिली, पण तो आगीसारखा तीक्ष्ण आहे आणि विधीनुसार वापरला तरच अमृतासमान ठरतो, असंही बजावलं. मराठी घरांनी ही दोन्ही रूपं सांभाळली. पायात काटा मोडला किंवा टाचेला भेगा पडल्या तर तापवलेल्या बिब्ब्याचा चटका देत. त्याच फळाच्या आतली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात पडे. आणि दारावर लिंबू-मिरचीच्या जोडीला दृष्ट लागू नये म्हणून बिब्बाच ओवला जाई.

बिब्ब्याचा सर्वांत पक्का गिऱ्हाईक होता धोबी. तो फळाला सुई टोची, टोकावर आलेल्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करी आणि वर चुना लावी. खूण काळी पडे आणि कितीही धुतली तरी जात नसे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर नेमकी या खुणांच्या जागी पुरळ उठू लागली, तेव्हा १९४३ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी तिची वैद्यकीय नोंद केली. धुतलेल्या कपड्यावरचा एवढासा ठिपकाही कातडी उठवू शकत होता. कारण जेवढं लहान तेवढा परिणाम मोठा, ही बिब्ब्याची खोड; आणि एवढ्या तेवढ्यावरून बिनसणाऱ्या मुलाबद्दलची तक्रारही तीच असते.

यावर कोणी म्हणेल की पोरांना औषधशास्त्र कुठून कळणार, ‘बिब्बा’ हा शब्द उच्चारायला गमतीचा म्हणूनच चिकटला. नाद हे कारण असेलही. पोरांच्या चिडवण्यांत नादाला फार किंमत असते. पण बिब्बा ओळखायला शास्त्र लागत नव्हतं. हात लावू नकोस, उतेल, ही ताकीद पुरेशी होती. शिवाय मोठ्यांच्या भाषेतही हे फळ याच स्वभावानं वावरतं: जमत आलेल्या कामात कोणी बिब्बा घालतं, तेव्हा थोडक्या उपद्रवाने सगळं नासतं. लहानांची चिडवणी आणि मोठ्यांचा वाक्प्रचार एकाच गुणाकडे बोट दाखवत असतील, तर त्याला निव्वळ योगायोग म्हणणं अवघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूल खरोखरच चिडकं असेल तर त्याला चिडकं म्हणण्यात गैर काय? धोब्याची सुई इथे उपयोगी पडते. रस कवचाच्या आत असतो. खूण करायची तर फळ आधी टोचावं लागतं. चिडवणीही तशीच चालते. ती मुलाचा स्वभाव नुसता सांगत नाही, तो तिथल्या तिथे बाहेर काढते, आणि मूल भडकलं की चिडवणारे आपलंच म्हणणं सिद्ध झालं असं मानतात. तापट वडिलांच्या बाबतीत हा प्रयोग कोणी करत नाही, कारण तिथे टोचणाऱ्याला किंमत मोजावी लागते. म्हणून ‘तापट’ आणि ‘चिडका’ यांतला फरक रागाच्या मापाचा नाही. ज्याच्या रागाला आपण भितो तो तापट, ज्याच्या रागाची आपल्याला मजा वाटते तो चिडका. आज धोब्याची खूण गेली, घरातला बिब्बाही बहुतेक गेला, पण ही वाटणी भाषेत जशीच्या तशी आहे. एखाद्याला चिडका ठरवण्याआधी सुई कोणाच्या हातात आहे ते पाहायला हवं.