तानसाचा रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

ऑक्टोबर २०१४. शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यात पक्षीनिरीक्षकांना रानपिंगळा दिसला. दिवसाही वावरणारे हे छोटे घुबड इथे असेल, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती.

१८७३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले ॲलन ह्यूमने. होय, काँग्रेसच्या स्थापनेतला तोच ह्यूम! पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र पक्षी जणू लुप्तच झाला. अपवाद एकच: कर्नल माइनर्ट्‌झहागेनचा नमुना. त्याच्या चिठ्ठीवर स्थळ होते गुजरातमधील मांडवी, साल १९१४. याच चिठ्ठीच्या भरवशावर पुढे शोध भरकटला.

चिठ्ठी धादांत खोटी होती. पामेला रासमुसेन यांनी छडा लावला: नमुना डेव्हिडसनचाच, ब्रिटिश संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला. त्यांनी मांडवी वगळली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. तब्बल ११३ वर्षांनी!

ह्यूमच्या काळी पुरावा म्हणजे मारलेला पक्षी आणि पायाला बांधलेली चिठ्ठी. तानसात बंदूक लागली नाही.