देवळाशेजारचं घर

माझ्या मामूंचं घर लोणारात, दैत्यसूदन देवळापासून हाकेच्या अंतरावर. मातीच्या भिंती, वर धाबं. शाळेला सुट्टी लागली की मी मेहकरहून एस.टी.ने तिथं जायचो आणि आम्ही पोरं दुपारभर देवळाच्या सावलीत खेळायचो. ते चालुक्य शैलीतलं आहे, त्याची बांधणी तारकाकृती आहे, हे पुढं बी.ए.ला कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की इथला दगड उन्हाळ्यातही गार असतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मामूंची मागची भिंत खचली. मुलांनी ठरवलं, घर पाडून सिमेंटचं दुमजली बांधायचं. पण देऊळ संरक्षित स्मारक. अशा स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. 2010 च्या दुरुस्तीनंतर कायदा आणखी कडक झाला. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊन बांधता येतं. आतल्या घराची नुसती डागडुजी करायची तरी परवानगी हवी. मामू अर्ज घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिले. म्हणायचे, "दगडाला कायदा आहे, माझ्या भिंतीला नाही." मीही त्यांची बाजू घेऊन तावातावानं भांडायचो.

आज तेवढ्या तावानं बोलवत नाही, त्याचं कारण तळं.

उल्का आदळून झालेलं हे विवर पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्त रुंद. पाणी खारं, क्षारानं भरलेलं. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त लोणारची नोंद केली, ती दोन गोष्टींसाठी: ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात, आणि इथं काच व साबणाला लागणारा माल मिळतो, त्यातून महसूल येतो. तीर्थ आणि धंदा एकाच काठावर. बादशहाच्या कारकुनाला त्यात काही विसंगत वाटलं नाही, हे मला फार आवडतं.

1979 मध्ये हे विवर राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक झालं, 2000 मध्ये अभयारण्य, 2020 मध्ये रामसर स्थळ. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं आणि जगभर फोटो गेले. ते रंग क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. या जीवांना खारटपणाच हवा. आणि आम्ही वर्षानुवर्षं तळ्यात काय सोडत होतो? गावाचं सांडपाणी. गाव काठावर, उतार तळ्याकडे. मामूंच्या भिंतीसाठी मी एवढा भांडलो, पण त्यांच्या न्हाणीचं पाणी कुठं जातं, हे कधी विचारलं नव्हतं.

इंग्लंडातल्या लिव्हरपूलचं नाव 2021 मध्ये जागतिक वारसा यादीतून काढलं गेलं. जुन्या गोदीवर नव्या उंच इमारतींचा बेत होता. तिथल्या लोकांनाही रोजगार हवा होता, त्यांना मी दोष देत नाही. पण लोणारचा धोका आभाळाकडून नाही, नालीतून आहे. म्हणून माझं मत असं, की इथं वारशाचं पहिलं काम पर्यटकांसाठी कमानी आणि दिवे हे नव्हे. गटार आणि सांडपाण्याचं शुद्धीकरण हेच ते. आणि ज्यांना दुसरा मजला नाकारला, त्यांच्या डागडुजीचा अर्ज महिन्याभरात निघावा. घर राहण्याजोगं नसेल तर माणूस जाईल. मग देवळाच्या सावलीत पोरं कुठली?

मामू गेले. परवानगी त्यांच्यामागून आली. परवा मामेभावानं हौसेनं दुरुस्त भिंत दाखवली, आणि मी न्हाणीच्या मागं नाली बघायला गेलो. तो हसला. "भाईजान, शायरांना आता नाल्या दिसायला लागल्या का?"