उतरवलेले घर : चिरा, वासा आणि कौल

चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे गाव जांभ्याच्या प्रदेशात वसलेले आहे. या प्रदेशातील वास्तूंच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष बहुधा बांधणीच्या अंगाने गेले. त्या मोडल्या कशा जात व त्यांच्या साहित्याचे पुढे काय होई, हा प्रश्न उपेक्षितच राहिला. बोलीत मात्र त्याची खूण आहे. भिंत ‘पाडतात’, पण कौले ‘उतरवतात’. पहिल्या क्रियापदात वस्तूचा शेवट आहे, दुसऱ्यात ती पुन्हा चढवली जाईल ही अपेक्षा गृहीत आहे.

या अपेक्षेला भौतिक आधार होता. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने 1807 साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात मलबारातील या दगडाला विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. त्याची नजर उपयोगावर होती. आपल्या लोकांची, ‘जांभा’ म्हणताना, रंगावर असावी. खाणीत हा दगड हत्याराने कापता येण्याइतका मऊ असतो आणि उघड्या हवेत कठीण होतो. म्हणून जुन्या भिंतीतून निघालेला चांगला चिरा हा टाकाऊ माल नव्हे. मात्र तो अखंड निघण्यास एक अट आहे : सांधा दगडापेक्षा दुबळा असला पाहिजे. मातीत रचलेली भिंत पहारीने सुटते, चुन्यातील भिंत थोड्या कष्टाने सुटते. सिमेंटात बसवलेला चिरा मात्र सांध्याआधी स्वतःच फुटतो. लाकडाचेही तसेच आहे. खाचेत कुसू बसवून जोडलेले खांब, तुळया व आढे न चिरता सुटे होतात. वाशांची लांबी कमी झाली तरी ते पडवीला, गोठ्याला चालतात.

येथेच इतिहासकाराची अडचण सुरू होते. एखाद्या तुळईवर निरुपयोगी, रिकामी खाच दिसली, तर ती तुळई पूर्वी दुसऱ्या चौकटीत होती असे समजावे; तिच्यावरून घराचे वय ठरवू नये. कौलांबाबत फसगत अधिक सोपी आहे. बासेल मिशनने मंगळुरास 1865 साली कौलांचा कारखाना काढला, आणि त्याच्या कौलांवर हे साल उमटवलेले आढळते. ते कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे, त्या कौलाच्या घडणीचे नव्हे, छपराचे तर नव्हेच. कौले एका घरावरून दुसऱ्या घरावर जात. अक्षरे तीच राहत, संदर्भ बदले. स्थानभ्रष्ट शिलालेख वाचणाऱ्यास ही सावधगिरी परिचित आहे, घर वाचणाऱ्यानेही ती बाळगावी.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो पुन्हा उभारलेला आहे. तेथे स्थलांतर उघड सांगितलेले असल्याने प्रेक्षकाची दिशाभूल होत नाही. कोकणातील साध्या घरांना असा फलक कोण लावणार?

मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकाठची अनेक बांधकामे गेली, आणि जुन्या घरांच्या जागी सिमेंट-काँक्रीटची घरे येण्याचा क्रमही चालूच आहे. केंद्र शासनाने 2016 साली बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्याविषयी स्वतंत्र नियम केले. त्याच वर्षीच्या भारतीय मानक 383 नुसार काँक्रीट भरडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, तर एम-25 व त्याखालील प्रतीच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत वापरता येते. हे इष्टच आहे. परंतु भरडणे आणि उतरवणे या दोन भिन्न क्रिया आहेत : पहिलीत द्रव्य वाचते, दुसरीत घडण वाचते. चिरा, वासा, रीप, आढे, कौल यांची जागा आज शहरी मराठीतील ‘राडारोडा’ हा एकच शब्द घेऊ लागला आहे. ज्या ढिगातील वस्तूंना वेगळी नावे उरली नाहीत, तो ढीग निवडण्यास कोणी बसत नाही. म्हणून घर मोडण्यापूर्वी त्याची मोजणी व्हावी. रिकाम्या खाचा, कौलांवरील छाप आणि उतरवणाऱ्या सुताराच्या तोंडचे शब्द एकाच टिपणवहीत नोंदले जावेत. विद्यार्थ्यांपैकी कोणास हे काम घ्यावयाचे असेल, तर पावसाळ्यापूर्वीचे दिवस त्यास सोयीचे, कारण छपरे त्याच वेळी उघडी पडतात.