हद्दपारांचे वंशज आणि नागरिकत्वाची कसोटी

सर्वसाधारण नियम बाजूला ठेवून ठरावीक लोकांना नागरिकत्व द्यायचे, तर पात्रतेच्या अटी योजनेच्या हेतूतूनच निघाल्या पाहिजेत. हेतू एक आणि अटी भलत्याच, अशी गल्लत झाली की ज्यांच्यासाठी कायदा केला तेच दाराबाहेर राहतात. स्पेनचा २०१५ चा सेफार्दी कायदा तपासला की हे स्पष्ट दिसते.

३१ मार्च १४९२ रोजी स्पेनचे राजा-राणी फर्दिनंद आणि इसाबेला यांनी फर्मान काढले: ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर जुलैअखेर देश सोडावा. गेलेल्यांपैकी अनेक घराणी पुढे इस्तंबूल, सालोनिका इथे स्थिरावली आणि जुन्या स्पॅनिशची लादिनो बोली जपत राहिली. त्यांच्या वंशजांना, म्हणजे सेफार्दी ज्यूंना, स्पेनने २०१५ मध्ये, आहे ते नागरिकत्व न सोडता, आपले नागरिकत्व देऊ केले. हेतू भरपाईचा होता. मग अर्जदाराने सिद्ध करायचे ते एवढेच, की आपण त्या हाकललेल्या ज्यूंच्या वंशातले आहोत.

कायद्याने मात्र स्पेनशी विशेष नातेही मागितले. स्पॅनिशची ‘ए-२’ पातळीची परीक्षा. राज्यघटना आणि समाजजीवन यांवर २५ प्रश्न, त्यांतले १५ बरोबर हवेत. शिवाय स्पेनमधल्या नोटरीपुढे हजेरी. घरात लादिनो बोलतात हा वंशाचा पुरावा म्हणून चाले, पण त्याने भाषापरीक्षा टळत नसे. स्पॅनिश ही राजभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांना मात्र ती माफ होती! पाच शतके बोली सांभाळणाऱ्या इस्तंबूलच्या माणसाने परीक्षेला बसायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

त्याहून मोठा प्रश्न मोरिस्कोंचा. मुस्लिम वंशाच्या या बाप्तिस्मा दिलेल्या सुमारे ३ लाख लोकांना स्पेनने १६०९ ते १६१४ या काळात हाकलले. त्यांचे वंशज आजही मोरोक्को, ट्युनिशियात आहेत. २०१५ च्या कायद्यात त्यांचा उल्लेख नाही. सेफार्दी ज्यूला २ वर्षांच्या वास्तव्यावरही नागरिकत्व मागता येते. रबातच्या मोरिस्को वंशजाला सर्वसाधारण नियमाची १० वर्षे. हद्दपारी हाच निकष असेल, तर या भेदाला तर्काचा आधार उरत नाही.

सेफार्दी वंशजांसाठीच्या योजनेत पोर्तुगालने उलटी वाट धरली. २०१५ पासून तिथे ना भाषापरीक्षा होती, ना वास्तव्याची अट. लिस्बन किंवा पोर्तो येथील ज्यू समाजसंस्थेचा दाखला हाच मुख्य आधार. निकष हेतूला धरून होता, पण पारखण्याचे काम जवळजवळ सगळे त्या संस्थांवर सोपवले गेले. २०२१ मध्ये रशियन अब्जाधीश रोमान अब्रामोविच यांना याच मार्गाने नागरिकत्व मिळाले आणि पुढच्या वर्षी पोर्तोतील दाखल्यांची पोलीस चौकशी सुरू झाली. उपाय उघड होता: दाखला हा अनेक पुराव्यांपैकी एक मानायचा आणि वंशावळ सरकारी तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायची. त्याऐवजी २०२२ मध्ये नवी अट आली: पोर्तुगालमध्ये वारशाने आलेली स्थावर मालमत्ता दाखवा, किंवा तिथे नियमित ये-जा असल्याचे सिद्ध करा. ज्यांच्या पूर्वजांना घरदार टाकून निघावे लागले, त्यांच्याकडेच वारशाच्या घराचे कागद मागितले गेले.