बोरघाटातले मुकादम

बोरघाटातून रेल्वे नेण्याचे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेला हा मार्ग पळसदरीहून लोणावळ्यापर्यंत सुमारे १६ मैलांचा होता. तेवढ्या अंतरात १,८३१ फूट चढायचे होते आणि चढ काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट इतका उभा होता. त्यासाठी २५ बोगदे आणि ८ मोठे दगडी पूल लागणार होते. कंत्राट मिळाले विल्यम फॅव्हिएल यांना. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे मार्ग बांधणाऱ्यांपैकी ते एक, त्यामुळे इथल्या कामाला नवखे नव्हते. पण ठाण्यापर्यंतची सपाट जमीन वेगळी आणि काळ्या बेसाल्टचा हा कडा वेगळा.

हातांनीच करायच्या या कामाला माणसे हजारांनी लागत, आणि हजारो माणसे अभियंत्याच्या हुकमावर चालत नाहीत. ती मुकादमाच्या शब्दावर चालत. ‘मुकादम’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ ‘पुढे केलेला’. दख्खनच्या जुन्या कागदपत्रांत गावच्या पाटलाला ‘मोकदम’ म्हटलेले आढळते. सरकार आणि रयत यांच्यामध्ये उभा राहून दोघांकडून बोलणारा, दोघांची बोलणी खाणारा तो माणूस. रेल्वेच्या कामावर ही जागा आयतीच सापडली. मुकादम गावोगाव हिंडून उचल देई, टोळी जमवी, ती घाटात आणून उतरवी आणि कामाच्या ठिकाणी तिच्या वतीने बोले. टोळी बहुधा एकाच गावची किंवा एकाच जातीची असे. पिढीजात दगडमातीचे काम करणारे वडार असत, तसे सुगी संपल्यावर आलेले शेतकरीही असत. बायका आणि पोरेही कामावर, कारण पहार मारणाऱ्यामागे पाटी उचलणारे हात लागतच.

हुकूम खाली येण्याची वाट लांब होती. कंपनीचा अभियंता कंत्राटदाराला सांगे, कंत्राटदार युरोपीय देखरेख्याला, देखरेख्या मुकादमाला, आणि मुकादम टोळीला. यातल्या बहुतेक देखरेख्यांना मराठी येत नसे आणि टोळीतल्या कोणालाच इंग्रजी येत नसे. अर्थ लावणारा एकच उरे. नकाशावरचे मोजमाप टोळीपर्यंत पोहोचताना ‘इथवर खोदा’ एवढेच होई. सुरुंगाच्या कामाला तेवढ्याने भागत नसे. एकाने पोलादी पहार धरून दर घावागणिक फिरवायची, दुसऱ्याने घण मारायचा. भोक पुरेसे खोल झाले की दारू ठासायची, वात लावायची आणि सगळ्यांनी पळायचे. काही ठिकाणी कड्यावर पाय ठेवायलाही जागा नव्हती. तिथे माणसे दोराने खाली सोडावी लागत. अशा जागी वरून मारलेली हाक खाली नीट ऐकू गेली नाही, तर काय होईल हे सांगायला नको.

पावसाळ्यात काम जवळजवळ बंद पडे. मजूर पेरणीला गावी जात, आणि पावसानंतर त्यांना परत आणायचे तर पुन्हा मुकादमच लागे. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आणि पटकीची साथ. साथ आली की तळच्या तळ रिकामे होत.

फॅव्हिएल यांचे काम मात्र पैशावर अडले. मजुरी वरून खाली ज्या वाटेने येई, तीच हुकमाचीही वाट होती. हिशेब मोजलेल्या कामावर होई, वाटणी मुकादम करी, आणि उचलीची वजावटही तोच करी. मजुराला आपल्या नावावर नेमके किती मांडले गेले, हे कळायचा दुसरा मार्ग नव्हता. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले आणि युरोपीय देखरेख्यांवर चालून गेले. चौकशीत मजुरांच्या तक्रारीत तथ्य आढळले. त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले.

या उठावाचा माग कायद्यात सापडतो. १८६० चा नववा कायदा रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत म्हणून झाला. मात्र त्यात काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचीही सोय होती. आदल्याच वर्षीच्या तेराव्या कायद्याने उचल घेऊन काम न करणे हा गुन्हा ठरवला होता. मजुराचे ऐकून घेण्याची सोय झाली, ती त्याला बांधून ठेवणाऱ्या कलमांच्या शेजारी.

पुढचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्येच आले आणि घाटात काही आठवड्यांतच वारले. कंत्राट त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी पुढे चालवले. त्यांच्या कर्तबगारीच्या कथा पुष्कळ रंगवून सांगितल्या जातात. त्यांनी केलेली खरी शहाणपणाची गोष्ट साधी होती. प्रत्यक्ष कामाचा कारभार त्यांनी अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन अभियंत्यांवर सोपवला. १८६१ मध्ये घाटातल्या मजुरांची संख्या ४२,००० च्या वर गेली. तोवर पुणे–खंडाळा गाडी सुरू होऊन तीन वर्षे झाली होती आणि खोपोली ते खंडाळा हा मधला टप्पा प्रवासी पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून ओलांडत होते. १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग सुरू झाला. बर्कली तो पाहायला नव्हते. आदल्या वर्षी ते इंग्लंडमध्ये वारले होते.

चार वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, घाटातला ‘म्हाऊ की माळी’ हा पूल कोसळला. दगडी बांधकामातली निकृष्टता तेव्हा उघडी पडली. किती दगड लागले ते मोजपट्टी सांगते, दोन दगडांमध्ये चुना नीट भरला की नाही ते सांगत नाही. ते गवंड्याला आणि त्याच्या मुकादमाला ठाऊक असते, आणि त्यांना कोणी विचारत नसे.

घाट बांधून झाला, मुकादमी संपली नाही. मुंबईच्या गिरण्यांत ती जॉबरच्या नावाने स्थिरावली. तोच माणसे भरती करी, तोच काम घेई, आणि नोकरी टिकवायची तर दस्तुरीही त्यालाच द्यावी लागे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली. उसाच्या फडात मात्र आजही मुकादमच कारखान्याचा पैसा उचल म्हणून कोयत्यामागे वाटतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगाम संपताना उचल फिटली की नाही, हा हिशेबही त्याच्याच वहीत असतो.