फर्ग्युसनचे दोन प्राध्यापक आफ्रिकेत

विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे जथे अध्यापकांच्या देखरेखीखाली नैरोबीस किंवा कंपालास जावेत, तेथे लोकोपयोगी उद्योग चालविणाऱ्या स्त्रीपुरुषांची गाठ घ्यावी, त्यांचे कामकाज व जमाखर्च समजून घ्यावा आणि परतल्यावर त्याचा अहवाल लिहावा, ही प्रथा हल्ली जगभर रूढ झाली आहे. पुणेकरांस तिचे फारसे अप्रूप वाटू नये. याच शहरातील एकाच महाविद्यालयात अध्यापन केलेले दोन प्राध्यापक अठरा वर्षांच्या अंतराने आफ्रिकेस जाऊन आले होते. आणि त्यांच्या प्रवासांत पाहुणा कोणास हिशेब विचारीत होता व कोणास देत होता, हा प्रश्न आजच्या सहलींहून अधिक गुंतागुंतीचा होता.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले २२ ऑक्टोबर १९१२ रोजी केपटाउनच्या बंदरात उतरले, तेव्हा फर्ग्युसनमधील अध्यापन सोडून त्यांस दहा वर्षे झाली होती आणि पुण्यात भारत सेवक समाज स्थापन करून सात. करारबद्ध मजुरीची पद्धती समूळ बंद करावी, असा ठराव त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळापुढे मांडला होता आणि सरकारी बहुमताने तो फेटाळला होता. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यांच्या दिमतीस रेल्वेचा खास डबा दिला. चिटणिसाचे काम मोहनदास गांधींनी पत्करले. सभा, मानपत्रे, मेजवान्या आणि जनरल बोथा व स्मट्स यांच्याशी झालेली मुलाखत यांचा तपशील इतिहासकारांनी पुष्कळ दिला आहे, म्हणून तो येथे सोडतो. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो टॉलस्टॉय फार्मवरील त्यांचा मुक्काम.

जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर, लॉली स्टेशनाजवळ, हर्मान कॅलनबाख या वास्तुविशारदाने आपली अकराशे एकर जमीन १९१० साली सत्याग्रहींच्या कुटुंबांस विनामोबदला वापरावयास दिली होती. तुरुंगात गेलेल्यांच्या बायकामुलांचा चरितार्थ थोड्या खर्चात चालावा, म्हणून तेथे चपला शिवणे, सुतारकाम, बागाईत आणि मुलांची शाळा असा सगळा व्याप उभा राहिला होता. सत्याग्रहाच्या लढ्याच्या फंडात हिंदुस्थानातून गेलेला पैसाही होता. रतनजी टाटांनी १९०९ साली दिलेले २५,००० रुपये गोखल्यांच्याच मार्फत रवाना झाले होते, आणि खर्चाचा तपशील गांधी त्यांना पत्रांतून कळवीत असत. म्हणजे गोखले पाहुणे होते तसे, म्हटले तर, तपासनीसही होते. तपासनिसाचे आदरातिथ्य मात्र विलक्षण झाले. स्टेशनापासून दीड मैलाची वाट पायी तुडवावी लागली, वाटेत पावसाने गाठले आणि मुळातच नाजूक प्रकृतीच्या या गृहस्थास सर्दी झाली. रात्री त्यांच्यासाठी खाट आणली गेली. परंतु इतर सर्व मंडळी जमिनीवर निजतात हे कळताच त्यांनी ती दूर करावयास लावली आणि आपले अंथरूण खालीच घालून घेतले, एवढेच नव्हे, तर स्वतः कष्ट सोसण्याचा मक्ता आपल्याच घराण्याकडे आहे असे समजून पाहुण्यास लाडावून ठेवणाऱ्या यजमानांची चांगलीच कानउघाडणीही केली. ज्याच्या परीक्षेस आपण आलो त्याच्या नियमात स्वतःस बसवून घेणारा परीक्षक विरळाच.

याच प्रवासात जोहान्सबर्गच्या मेजवानीस जाण्यापूर्वी न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले गोखल्यांचे जपून ठेवलेले उपरणे चुरगळलेले आढळले, तेव्हा गांधींनी स्वतः त्यावर इस्त्री फिरविली. वकील म्हणून विश्वास असला तरी धोबी म्हणून नाही, असे गोखल्यांनी आधी बजावले होते. ट्रान्सवालमधील कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू यांनी मराठीत भाषण ऐकण्याची इच्छा दर्शविली, तीही त्यांनी मानली. आणि तेथून झांझिबारपर्यंत अशा प्रसंगी गोखले मराठीत बोलत व ज्यांच्या मराठीबद्दल खुद्द वक्त्यासच शंका होती ते गांधी हिंदुस्थानीत भाषांतर करीत.

नाताळ प्रांतात गांधी त्यांना आपल्या फिनिक्स वसाहतीच्या शेजारच्या ओहलांगे संस्थेतही घेऊन गेले. जॉन ड्युबे या झुलू गृहस्थांनी १९०१ साली ती काढली होती; बुकर वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेचा आदर्श पुढे ठेवून तेथे अक्षरज्ञानाबरोबर हातांचे कसब शिकवीत. संस्थेसाठी ड्युबे अमेरिकेत वर्गणी मागत हिंडले होते, १९०३ पासून झुलू भाषेचे वृत्तपत्र चालवीत होते, आणि गोखले आले त्याच वर्षी आफ्रिकन लोकांच्या नव्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले होते. विद्यार्थ्यांनी पाहुण्यांस गाणी ऐकविली, झुलूंच्या स्थितीविषयी दोघांचे बोलणे झाले. दक्कन एज्युकेशन सोसायटीसाठी दारोदार फिरलेल्या गोखल्यांना ड्युबे यांच्याइतका समव्यवसायी त्या खंडात दुसरा भेटला नसेल; तरीही ही भेट कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यातच राहिली, कारण दौऱ्याचा हेतू हिंदी रहिवाशांपुरता मर्यादित होता.

दुसरे प्राध्यापक अण्णासाहेब कर्वे यांची तऱ्हा निराळी. त्यांना १८९१ साली गणित शिकविण्यास मुंबईहून फर्ग्युसनमध्ये बोलावून घेणारे गोखलेच. हिंगण्याच्या माळावरील झोपडीत विधवांचा आश्रम चालविताना कॉलेजचे तास आटोपून पायी तेथे जाणे आणि सुट्टीत वर्गणीसाठी गावोगाव फिरणे हा त्यांचा नित्यक्रम होता. जपानच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपत्रिका हाती पडल्यावर १९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले आणि शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. ते जपानी विद्यापीठ प्रत्यक्ष पाहण्याचा योग १९२९-३० च्या जगप्रवासात आला. एप्रिलमध्ये परतलेला हा बहात्तर वर्षांचा गृहस्थ डिसेंबर १९३० मध्ये पुन्हा बोटीवर चढला आणि केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका व दक्षिण आफ्रिका असा पंधरा महिने फिरला. मोंबासास त्यांचे चिरंजीव डॉ. शंकर कर्वे वैद्यकीय व्यवसाय करीत होते, तेवढाच काय तो घरचा आधार.

कर्वे कोणाची संस्था पाहण्यास गेले नव्हते. स्वतःच्या संस्थेची हकीकत सांगण्यास गेले होते. ऐकणाऱ्या तेथील हिंदी रहिवाशांसही अनोळखी म्हणता येत नाही. विद्यापीठास १९२० साली पंधरा लाखांची देणगी देणारे सर विठ्ठलदास ठाकरसी ज्या भाटिया ज्ञातीचे, तिच्यातील जयराम शिवजींच्या पेढीकडे एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या जकातीचा मक्ता होता. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग बांधण्यास तीस हजारांहून अधिक हिंदी मजूर नेले गेले. व्यापारी त्या मार्गाने आत पसरले. गुजरातीतून मुलींना उच्च शिक्षण देणाऱ्या विद्यापीठाविषयी या मंडळींस आस्था वाटणे स्वाभाविकच होते.

पण कर्व्यांस वर्गणी देणाऱ्या या व्यापाऱ्यांच्या दुकानांच्या गल्ल्यात पैसा येत होता तो कोठून? युगांडातील कापूस आफ्रिकन शेतकरी पिकवीत व हिंदी गिरणीवाले त्यातील सरकी काढून घेत. झांझिबारची लवंग खुडणारे हातही आफ्रिकनच होते. पावती दुकानदाराच्या नावे फाटे, आणि ज्याच्या श्रमातून ती रक्कम उभी राही त्याचा दाखला कोणत्याही दप्तरात पडत नसे. कर्व्यांस याचा दोष देणे अन्यायाचे होईल, कारण काटेकोर हिशेब ठेवणाऱ्याच्याही वहीत देणाऱ्याच्या मागचा देणारा लिहिण्यास रकाना नसतो. तथापि पुण्याच्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ठाकरसींच्या पंधरा लाखांचा जेवढा उच्चार केला आहे, त्याच्या शतांशानेही या आफ्रिकी पैशाचा केलेला नाही.

कर्वे १९३२ मध्ये परतले. विद्यापीठाचे ठाणे १९३६ साली मुंबईस हलले, आणि त्याच वर्षी अण्णांनी, जिथे लोकल बोर्डाची शाळा नाही अशा खेड्यांसाठी प्राथमिक शिक्षणाचे मंडळ काढून, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा वर्गणी मागण्यास सुरुवात केली.